खेळ तोच, डाव वेगळा

उरणच्या मोरा बंदरातून भाऊच्या धक्क्याकडे निघालेल्या लाँचमध्ये बऱ्याच माना मोबाइलवरच्या खेळात खुपसलेल्या असतात. कित्येक वर्षांनी मीही पुन्हा व्हिडिओ गेम खेळू लागलो आणि फरक ध्यानात आला. १९८५ चा मारिओ तीन ‘लाइफ’ संपल्या की थांबे. पार्लरमध्ये नाणी संपली की घर गाठावे लागे. आजचे अनेक खेळ फुकट मिळतात, संपत मात्र नाहीत. आणि पोशाखापासून हत्यारापर्यंत पैसे मागत राहतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संमत केला. ई-स्पोर्ट्सना मान्यता दिली. ते योग्यच झाले. परंतु मुलांचा वेळ गिळणारा खेळ कायद्याने थांबत नाही. ते काम घराचे. मोबाइल हिसकावण्यापूर्वी पालकांनी मुलाबरोबर एक डाव खेळून पाहावा. कुठे थांबायचे, हे मग सांगता येईल.