गायीची चाल कोण पाहतो?

कनेरगाव नाका हे हिंगोली-वाशीम रस्त्यावरचे गाव. इकडे मराठवाडा, पलीकडे वऱ्हाड. या भागात बैल घ्यायचा तर माणूस आधी दात पाहतो आणि मग कासरा धरून त्याला चालवून पाहतो. पाय आखडतो का, खूर घासते का, हे जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही. गाय घेताना मात्र हाच जाणता कास चाचपतो, 'किती लिटर?' एवढे विचारतो आणि सौदा उरकतो.

पूर्वी हे खपून जात असे. लाल कंधारी गाय दिवसभर माळावर हिंडायची. कळपात मागे पडली की गुराख्याला कळायचे. दारात संकरित गाय आली आणि ती दावणीलाच राहिली. पायाखाली कोबा, त्यावर शेणमूत. खूर ओलीने मऊ पडते, वेडेवाकडे वाढते. दुखणे बहुधा मागच्या पायाच्या बाहेरच्या खुरीत सुरू होते. पण जी चालतच नाही, ती लंगडते हे दिसणार कसे? दूध घटले की आपण पेंड बदलतो, गाभण राहिली नाही की नशिबाला बोल लावतो. पायाकडे कोणी पाहत नाही.

अमेरिकेतल्या संशोधकांनी 1997 मध्ये यासाठी 1 ते 5 गुणांची पद्धत मांडली. तिला यंत्र लागत नाही. पाहायची ती गायीची पाठ. उभी असताना आणि चालतानाही पाठ सपाट, तर 1. उभी असताना सपाट, पण चालू लागताच कमान आली, तर 2. दोन्ही वेळा कमान आणि पावले आखूड, तर 3. एकेक पाऊल जपून टाकते ती 4, पाय टेकवायलाच तयार नाही ती 5. आपण 'लंगडी' म्हणतो ती चौथ्या गुणाला. तोवर निम्मी वाट सरलेली असते. यात आपणच तेवढे अडाणी असे नाही. इंग्लंडमधल्या 53 गोठ्यांच्या, 2003 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत शंभरात सुमारे 22 गायी लंगडत होत्या. मालकांच्या मते सहाच!

वसुबारसेला आपण गायीच्या पायांवर पाणी घालतो. त्याच वेळी वाकून दोन खुरींमधली फटही पाहायला काय हरकत आहे? एरवी आठवड्यातून एकदा, धार काढून झाल्यावर, तिला सोडावे, सपाट कठीण जमिनीवर वीस पावले चालवावे आणि बाजूला उभे राहून पाठीकडे पाहावे. हे काम धार काढणाऱ्या घरच्या बाईला उत्तम जमेल. तिला त्या पाठीची ओळख रोजचीच असते. कमान दिसली तर पशुवैद्याला त्याच आठवड्यात बोलवावे, दूध आटल्यावर नव्हे.