शेजाऱ्यासाठीं घेतलेलें औषध

पावसाळा सरतां सरतां वर्गांतील एखादें बांक आठवडाभर रिकामें राहतें. चौकशी केली म्हणजे हिंवतापाचें नांव निघतें. मुलगा परत आल्यावर, "गोळ्या पुऱ्या केल्यास ना?" असें विचारावें, तर तो म्हणतो, "ताप उतरला, सर, मग थांबविल्या." ह्या भोळ्या उत्तरांत एक मोठी चूक दडलेली आहे. तिजकडे विद्यार्थ्यांचें व त्यांच्या वडील मंडळींचें लक्ष वेधावें, एवढ्याचसाठीं हा लेखप्रपंच.

ताप उतरणें निराळें आणि रोगाची वाट बंद होणें निराळें. व्हायव्हॅक्स जातीचे जंतु यकृतांत लपून राहतात व कांहीं आठवड्यांनीं वा महिन्यांनीं पुनः डोकें वर काढतात. म्हणून १४ दिवसांचें प्रायमाक्वीन देतात. फाल्सिपॅरम जातीची रीत आणखी कपटी आहे. तिचीं नर व मादी रूपें चंद्रकोरीसारखीं असतात. पक्व होण्यास त्यांस दहाबारा दिवस लागतात. तीं ताप आणीत नाहींत. रक्तांत निमूटपणें डांसाची वाट पाहतात. डांसाच्या पोटांत गेल्यावर मात्र त्यांचा संयोग होतो, आणि सुमारें दोन आठवड्यांनीं तोच डांस दुसऱ्या घरीं रोग पोंचवितो. बरा झालेला मनुष्य अशा रीतीनें न कळत शेजाऱ्याचा वैरी ठरतो!

डांसाच्या जठराच्या भिंतींत हे जंतु रोनाल्ड रॉस ह्यांनीं २० ऑगस्ट १८९७ रोजीं सिकंदराबादेस पाहिले. पुढें १९११ सालीं डॉ. बेंटले ह्यांनीं मुंबईच्या हिंवतापाचें मूळ विहिरींत व टांक्यांत दाखवून दिलें. आज आमच्या पनवेलीभोंवतीं उंच इमारती उठत आहेत. गच्चीवरील उघडी टांकी आणि बांधकामावर सांचलेलें पाणी हीं त्या जुन्या विहिरींचींच नवी रूपें होत.

पाण्याचा बंदोबस्त करावा, मच्छरदाणी लावावी, हें खरेंच. परंतु मनुष्याच्या रक्तांतील ही चंद्रकोर मारणारें औषधहि हवें. आर्टेमिसिनिनच्या शोधाबद्दल तू यूयू ह्या चिनी विदुषीस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. त्या औषधवर्गानें ताप झपाट्यानें हटतो. पण पक्व चंद्रकोरींचा त्यानें पुरा नाश होत नाहीं. त्या कामीं सत्तर वर्षांहून अधिक काळ प्रायमाक्वीनचाच आधार आहे. फाल्सिपॅरमच्या रोग्यास त्याची एकच मात्रा देतात. मात्र ज्यांच्या रक्तांत जी-सिक्स-पी-डी नांवाचें एन्झाइम अपुरें आहे, त्यांच्या तांबड्या पेशी ह्या औषधानें फुटूं शकतात. गर्भवती स्त्रियांस व तान्ह्या मुलांस तर तें देतच नाहींत. म्हणून त्याहून निर्धोक औषधाचा शोध प्रयोगशाळांतून चालू आहे, आणि तो नेटानें चालला पाहिजे, असें माझें स्पष्ट मत आहे.

येथें कोणी म्हणेल, "ज्या मात्रेनें मला स्वतःला गुण यावयाचा नाहीं, ती मीं कां घ्यावी?" हा आक्षेप उथळ नाहीं. दुसऱ्याच्या हितासाठीं एखाद्यास औषध द्यावयाचें, तर तें सामान्य औषधाहूनहि अधिक निर्धोक असलें पाहिजे; त्याची परीक्षा करतांना गरीब वाडीवस्तीवरील अशिक्षितांस अंधारांत ठेवतां कामा नये. एवढें पाळल्यावर मात्र आक्षेपकांस माझें एकच सांगणें आहे: ज्या डांसानें तुम्हांस रोग दिला, त्यानें तो कोणा दुसऱ्याच्याच रक्तांतून आणिला होता. त्या अनोळखी मनुष्यानें ही मात्रा घेतली असती, तर तुमचें अंथरूण चुकलें असतें.

चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत आपण शाळेंत दरवर्षीं ऐकतों. त्यानें वाटेवर पडलेल्याची जात विचारली नाहीं. पदरचें तेल, द्राक्षारस व पैसा खर्च केला. ज्या शेजाऱ्याचें तोंडहि आपण कधीं पाहणार नाहीं, त्याच्यासाठीं कडू गोळी गिळणें ही त्याच धर्माची लहानशी परीक्षा आहे. तेव्हां, मुलांनो, डॉक्टर सांगतील ती मात्रा त्यांच्याच सल्ल्यानें शेवटच्या दिवसापर्यंत घ्या. आणि आईबापहो, ताप उतरला म्हणून पुडी फेंकून देऊं नका. तुमच्यांतील एखादा विद्यार्थी उद्यां हें नवें औषध शोधून काढील, तर ह्या शाळेस त्याहून मोठें भूषण तें कोणतें?