होडी कलवायची जागा कागदावर आणा

बैलाला पत्री मारायची असली की त्याला आधी पाडावा लागतो. दावी टाकून, चार माणसे लावून, अंगाखाली मऊ जमीन बघून. उभ्या बैलाचा खूर खालून कोणाला दिसतो? होडीचेही तसेच आहे. तिचा तळ पाण्याखाली आणि तिचे रोग सगळे तळाला. तो तळ बघायचा तर तिला पाण्याबाहेर काढून एका कुशीवर कलवावे लागते. किनाऱ्याच्या गावांतील सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, तलाठी आणि शेतकरी बंधूंना आज हे सांगायचे कारण एकच. ही कलवायची जागा आपल्या गावांतून हळूहळू नाहीशी होते आहे, आणि बहुतेक ठिकाणी ती कोणत्याही दप्तरात नोंदलेली नाही.

शेतीखात्यातला माणूस होडीवर काय लिहितोय, असे कोणी म्हणेल. पण आपल्या खाडीकाठच्या गावांत भाताची खाचरे, चार माड आणि होडीतला हिस्सा एकाच घरात असतो. होडी कुजली तर त्या घरचे खत-बियाणेही उधारीवर येते. म्हणून हा विषय शेतीच्या पानावर शोभतो असे माझे मत आहे.

आधी रोग समजून घ्या. समुद्रात चार-सहा महिने राहिलेल्या लाकडी तळाला शेवाळ धरते, शिंपल्यासारख्या कवचाचे बार्नॅकल चिकटतात. त्याने होडी जड होते, चाल मंदावते, वल्ह्याला श्रम आणि इंजिनाला डिझेल जास्त लागते. पण हा वरवरचा त्रास झाला, खरवडला की गेला. खरा वैरी टेरेडो. हा किडा दिसायला अळीसारखा लांबट, पण जातीने कालव-तिसऱ्यांचा भाऊबंद. पिल्लू असताना टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून फळीत शिरतो आणि मग आतल्या आत लाकूड पोखरत वाढतो. आंब्याचा भिरूड ज्यांनी पाहिला आहे त्यांना जास्त सांगायला नको. भिरूड निदान बाहेर भुसा टाकून चुगली तरी करतो, टेरेडो तेवढेही करत नाही. वरून फळी धडधाकट, आतून मधाचे पोळे. सागाला तो तुलनेने कमी लागतो, इतकेच. अजिबात लागत नाही असे समजू नका.

या किड्याला दोन गोष्टी मानवत नाहीत. एक कोरडेपणा आणि दुसरी गोडे पाणी. भोकाचे तोंड आतून बंद करून तो थोडे दिवस तग धरतो, पण काही आठवडे खारे पाणी मिळाले नाही की मरतो. पावसाळ्यात होडी वर ओढून शाकारून ठेवायची, किंवा खाडीच्या वरच्या अंगाला, जिथे पुराने पाणी गोडे होते तिथे नेऊन बांधायची, या जुन्या चालीमागे वादळाची भीती आहेच. पण नकळत तो कीडनियंत्रणाचा उपायही आहे. आम्ही शेतात नांगरट उन्हात तापू द्या म्हणून सांगतो, त्यातलाच हा प्रकार.

आता कलवायची रीत. हे सगळे भरती-ओहोटीच्या जोरावर चालते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे आपल्याकडे शाळेत न गेलेल्यालाही ठाऊक असते. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. कलवायचे काम उधाणाचे. होडीतले सामान, जाळी आणि नीरम, म्हणजे वजनासाठी तळाशी ठेवलेले दगड, आधी उतरवून घ्यायचे. भरतीच्या पाण्यावर ती जितकी वर येईल तितकी आणायची. पाणी उतरू लागले की पठाण, म्हणजे तळाचा कणा, वाळूला टेकतो. तेव्हा दोर ओढून हव्या त्या कुशीवर तिला हळू बसवायचे आणि खाली टेकू, ठोकळे द्यायचे. पुढची भरती येईपर्यंत जे काही तास मिळतात तेवढ्यात एक बाजू उरकायची. पाणी आले की होडी आपोआप उचलली जाते. मग दुसऱ्या ओहोटीला दुसरी कूस.

यात एक खाच आहे. उधाणाच्या अगदी शिखरावर होडी वर घेतली तर पुढच्या भरत्या तिच्यापर्यंत पोहोचतच नाहीत आणि ती पंधरा दिवस अडकते. म्हणून नुसती साफसफाई करायची असेल तेव्हा पाणी अजून चढत असताना, शिखराच्या एक-दोन दिवस आधी आणायची. चार महिन्यांसाठी ठेवायची असेल तेव्हा मात्र मुद्दाम शिखर गाठायचे.

कूस मोकळी झाली की खरवडणी. पूर्वी सुकलेले गवत पेटवून तळाला शेक देत, त्याने शेवाळ करपून सुटे. मग एकेक फळी ठोकून आवाज ऐकायचा, नारळ वाजवून बघतो तसा. आवाज बद्द आला की फळी बदलायची. सांध्यांत सूत ठासायचे, वर राळ-तेल. पूर्वी चुना आणि तेल कालवून लेप देत. काजूच्या टरफलाचे काळे तेलही चांगले, फक्त ते उघड्या हाताने लावू नका, कातडी सोलून निघते. काजूवाल्या बागायतदारांना हे सांगायची गरज नाही.

ही युक्ती काही आपल्याच गावची नव्हे. शिडाच्या जहाजांच्या काळात सगळे जग याच मार्गाने जात होते. वास्को द गामा १४९८ साली परत निघाला तेव्हा कारवारजवळच्या अंजदीव बेटावर तो सुमारे बारा दिवस थांबला आणि तिथल्या पुळणीवर आपली दोन जहाजे ओढून त्यांचे तळ साफ करून घेतले. पुढे अख्खा अरबी समुद्र ओलांडायचा होता! कॅप्टन कुकचे 'एंडेव्हर' ११ जून १७७० रोजी ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेकडील प्रवाळाच्या खडकावर आदळले. तोफा समुद्रात फेकून त्याने ते कसेबसे सोडवले आणि एका नदीच्या तोंडाशी किनाऱ्याला लावले. ओहोटीला पाहतात तो भोकात प्रवाळाचाच एक मोठा तुकडा अडकलेला. त्यानेच पाणी थोपवून धरले होते. त्या नदीकाठी सुमारे सात आठवडे काढून, जहाज दुरुस्त करून तो ४ ऑगस्टला निघाला. तसा उताराचा काठ मिळाला नसता तर कुकचे नाव आज कोणी घेतले असते का, शंकाच आहे.

आपल्याकडे भरती मुंबईला मोठी आणि दक्षिणेला गोव्याकडे जावे तशी लहान. जिथे पाणी कमी उतरते तिथे मोठे जहाज नुसत्या वाळूवर कलवणे अवघड जाते. मराठ्यांनी त्यावर उत्तर काढले होते. विजयदुर्गजवळ वाघोटण खाडीत गिर्ये गावच्या हद्दीत त्यांची गोदी आजही पाहायला मिळते. लांबी सुमारे ३५५ फूट आणि रुंदी २२७ फूट, काही भाग खडक फोडून केलेला. भरतीचे पाणी आत येते आणि ओहोटीला बाहेर जाते, म्हणजे निसर्गच रहाट ओढतो. गुराबा-गलबतांचे तळही उथळ, त्यामुळे ती खाडीत आतपर्यंत जात आणि सहज टेकत. लढाई तोफांनी जिंकत असतील, पण आरमार चालते ते अशा चिखलातल्या कामावर. इतिहासाच्या भाषणांत हे कोणी सांगत नाही.

पुढे मुंबईला १७५० च्या सुमारास सुकी गोदी झाली. इंग्रजांच्या आरमाराने १७८० च्या आसपास जहाजांच्या तळाला सर्रास तांब्याचे पत्रे मारले आणि मोठ्या जहाजांचे वरचेवर कलवणे कमी झाले. पण गावच्या होडीला कुठली सुकी गोदी आणि कुठले तांबे? आणि फायबरच्या होड्या आल्या म्हणून प्रश्न मिटला असेही नाही. फायबरला टेरेडो लागत नाही हे खरे, बार्नॅकल मात्र तितकेच लागतात, आणि तळाला तडा गेला आहे की नाही हे तिला वर घेतल्याशिवाय कळत नाही.

म्हणून जागा हवी. कशीही जागा चालत नाही. उतार बेताचा हवा, वाळू घट्ट हवी, खाली दगड नकोत, लाटांचा थेट मारा नको, आणि होडी वळवून आडवी करता येईल एवढी रुंदी हवी. अशा जागा गावात एक किंवा दोनच असतात, आणि नेमक्या त्याच सगळ्यांच्या डोळ्यात भरतात. कुठे सुशोभीकरणाच्या पायऱ्या आणि बाकडी येतात, कुठे वाहनतळ होतो, कुठे धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचे दगड या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग रचले जातात. बंधारा नको असे मी म्हणत नाही. माडाच्या बागा समुद्रात जाताना मीही पाहिल्या आहेत. पण अंदाजपत्रक होतानाच मध्ये होडीपुरता उतार ठेवायला सांगितले तर तो ठेवता येतो. नंतर दगड हलवायला कोणी येत नाही.

पर्यटनातून गावात पैसा येतो, तोही खोटा नाही. खोलीवाल्या घराला स्वच्छ पुळण हवी असते आणि होडीवाल्या घराला मोकळी. दोघे एकाच वाडीतले असतात. कुठे काय, हे बसून ठरवले तर भांडण होत नाही. न ठरवता काँक्रीट पडले की मग होते.

अडचण अशी की, भरतीरेषेखालची ही जमीन सरकारी, सातबाऱ्यावर कोणाचेच नाव नाही. गुरचरण निदान गाव नमुन्यात दिसते. होडीची जागा नुसती वहिवाटीवर, लोकांच्या आठवणीवर उभी. पण वाट आहे. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१ ची. २०११ च्या अधिसूचनेत आणि त्यानंतर २०१९ च्या अधिसूचनेतही असे सांगितले आहे की, मच्छीमार गावे, मच्छीमारांच्या सामाईक वापराच्या जागा, धक्के, मासळी सुकवण्याच्या जागा गावपातळीच्या मोठ्या मापाच्या नकाशांवर दाखवाव्यात. होडी वर घ्यायची आणि कलवायची जागा ही सामाईक वापराची नाही तर काय? आपल्या गावाच्या नकाशावर ती आहे का, हे आधी बघा. नसेल तर ग्रामसभेचा ठराव करा, त्यात लगतचे गट क्रमांक आणि चतुःसीमा लिहा, आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवा. किनाऱ्यासाठीच्या जिल्हा समितीचे अध्यक्ष तेच असतात, आणि त्या समितीत किनाऱ्यावरच्या पारंपरिक समाजाचे किमान तीन प्रतिनिधी असावेत असे २०११ च्या अधिसूचनेत म्हटले आहे. ते कोण आहेत, हे विचारायचा आपल्याला हक्क आहे.

होडीवाल्यांनाही एक सांगायचे आहे. खरवडलेला रंग तिथेच टाकून जाऊ नका. तळाच्या रंगात जीव मारणारे औषध असते, म्हणून तर बार्नॅकल धरत नाहीत. कथिलाच्या संयुगांचे असे रंग कालवांना इतके बाधले की २००८ पासून आंतरराष्ट्रीय कराराने जहाजांना त्यांची बंदी झाली. आजच्या रंगांत बहुधा तांब्याची संयुगे असतात, तीही खाडीच्या चिखलात मुरायला नकोत. त्याच चिखलात आपल्या बाया तिसऱ्या काढायला जातात. खाली जुने ताडपत्र अंथरा, खरवड गोळा करा आणि भरतीच्या आत उचला.

मोजणीसाठी चांगला काळ जून-जुलैचा. होड्या तेव्हा वर ओढून ठेवलेल्या असतात, त्यामुळे किती जागा लागते ते त्याच दाखवतात. पावसाने उसंत दिली की टेप घेऊन जा, जुन्या तांडेलांना बरोबर घ्या, दोन्ही कडांना खुणेचे दगड बघून ठेवा, आणि तो कच्चा नकाशा १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपुढे ठेवा.