पैसे अडकतात ते 'सब्जेक्ट टू'मध्ये



प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न येतोच: "सर, धंदा वाढवायचाय, स्पोकन इंग्लिशचा क्लास लावू का?"

माझं स्पष्ट मत आहे, ती फी आत्ता राहू द्या. ऑर्डर, बिल, पेमेंट, डिलिव्हरी हे शब्द तुम्ही विरार लोकलमध्ये लटकताना फोनवर बोलता. सुरुवातीचं इंग्रजी तुमच्याकडे आहे. फटका बसतो तो पुढच्या पायरीवर, कागदावरच्या मधल्या शब्दांना.

माझंच सांगतो. वालीवला माझं पॅकिंग बॉक्सचं छोटं काम होतं. एका कंपनीची पहिली मोठी ऑर्डर आली. पेमेंटपुढे लिहिलेलं, 'सब्जेक्ट टू इन्स्पेक्शन'. सब्जेक्ट म्हणजे विषय, हे शाळेपासून ठाऊक. शब्द ओळखीचे, म्हणून कुणाला विचारलं नाही. सही ठोकली. खरा अर्थ होता: माल तपासणीत पास झाला तरच पैसे. तपासणी किती दिवसांत करायची, ते कुठेच नव्हतं. दोन महिने पैसे अडकले. कामगारांचा पगार द्यायला मेव्हण्याकडून उसने घेतले.

अनोळखी शब्द दिसला की आपण थांबतो. ओळखीचा शब्द गाफील ठेवतो. स्पॅनिश बोलणारा माणूस इंग्रजी शिकतो, तेव्हा त्याचीही हीच गत होते. त्याच्या भाषेत 'एक्सितो' म्हणजे यश आणि इंग्रजीत 'एक्झिट' म्हणजे बाहेरचा रस्ता!

आता आपल्या कागदांवरचे शब्द बघा.

डुप्लिकेट: आपल्या बोलण्यात नकली माल. पण जीएसटीच्या नियमाने मालाच्या बिलाची दुसरी प्रत 'डुप्लिकेट फॉर ट्रान्सपोर्टर' असते. ती वाहतूकदाराची प्रत. बिल अगदी खरं.

एस्टिमेट आणि कोटेशन: आपण दोन्ही एकच समजतो. एस्टिमेट हा अंदाज. कोटेशन म्हणजे तुम्ही दिलेला भाव. समोरच्याने तो मान्य केला की मागे फिरणं कठीण.

अ‍ॅडव्हान्स आणि डिपॉझिट: गाळा भाड्याने घेताना अ‍ॅडव्हान्स भाड्यातून वळता होतो, डिपॉझिट गाळा सोडताना परत मिळायला हवं. पावतीवर कुठला शब्द आहे, बघितलंत?

डीम्ड: हा सगळ्यात कामाचा. अर्थ, 'झालं असं धरायचं'. २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार, माल पोचल्यापासून १५ दिवसांत खरेदीदाराने लेखी हरकत घेतली नाही, तर माल पोचला त्याच दिवशी स्वीकारला असं धरलं जातं. तिथून पुढे पैशांची मुदत मोजायची. लेखी करार असला, तरी ती ४५ दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. उद्यम नोंदणी केलेल्या सूक्ष्म आणि लघु उत्पादकांना, सेवा देणाऱ्यांना याचा आधार आहे. मला तेव्हा हा शब्द कळत असता, तर मेव्हण्याला फोन करण्याआधी मी कंपनीला पत्र लिहिलं असतं.

मग शिकायचं कसं? पाठांतराचं पुस्तक नको. तुमचेच शेवटचे दहा कागद काढा: परचेस ऑर्डर, बँकेचं पत्र, मशीनचं वॉरंटी कार्ड. अडलेले शब्द अधोरेखित करा. 'ओळखीचे वाटतात' तेही करा. वहीत एकटा शब्द लिहू नका, अख्खं वाक्य लिहा आणि खाली मराठीत उत्तर द्या: कोण, कुणाला, किती आणि कधी देणार? आठवड्याला पाच शब्द. बारा आठवड्यांत साठ होतात. छोट्या धंद्याचे बरेचसे कागद तेवढ्यात वाचता येतात. आणि न कळलेल्या ओळीवर सही करायची नाही. "ही ओळ समजावून सांगा," असं मराठीत विचारलं तरी चालतं. त्यात कमीपणा नाही.

परक्या शब्दांची भीती वसईकराने तरी बाळगू नये. १५३४ ते १७३९ इथे पोर्तुगीजांचं राज्य होतं. पगार, चावी, लिलाव, घमेलं, पिंप हे शब्द मराठीने पोर्तुगीजमधूनच घेतले. आज गोखिवऱ्याच्या गाळ्यात घमेलं उचलणाऱ्याला तो शब्द परका वाटतो का? रोजच्या कामात आला आणि आपला झाला.

तर आज रात्री गल्ला मोजून झाला की फाईल उघडा. पहिला कागद, पहिले पाच शब्द. कुठला शब्द अडला, ते व्हिडिओखाली नक्की लिहा. पुढच्या भागात त्यावरच बोलू.