सोयाबीन भरण्याआधी स्टिअरिंग बॉक्स बघा!

देपालपूर तहसिलीतल्या पिकअप-मालकांना, चालकांना आणि भाड्याने गाडी बोलावणाऱ्या शेतकऱ्यांना हात जोडून विनंती आहे. सोयाबीनची काढणी तोंडावर आली आहे. चार-आठ दिवसांत आपल्या जुन्या पिकअप रात्रंदिवस इंदूरच्या रस्त्याला लागतील. त्याआधी, आजच, स्टिअरिंग बॉक्सखाली वाकून बघा. तेल ओघळलेले दिसले तर ती गाडी भरू नका.

हे मी भोगून सांगतो आहे. माझ्या गाडीचा बॉक्स वर्षभर गळत होता. रोज सकाळी मी तेल ओतायचो. वळवताना पंप कण्हायचा. स्टिअरिंगला प्ले (मोकळी हालचाल) आला तेव्हा मिस्त्रीने बॉक्सवरचा स्क्रू अर्धा फेरा आवळून दिला. प्ले गेला, मी निर्धास्त झालो. पण झिजलेला बॉक्स जास्त आवळला की आतले दात घट्ट बसतात आणि वळणानंतर स्टिअरिंग आपसूक सरळ होत नाही. हातोदजवळच्या एका वळणावर तेच झाले. गाडी सरळ शेतात शिरली. मागे कांद्याच्या गोण्या होत्या, माणसे नव्हती.

आपल्याकडे एरवी माणसे असतात. झाबुआ-अलीराजपूरकडून काढणीला येणारे मजूर पिकअपमध्ये मागे उभे राहून शेतावर जातात, कडेवर पोरे असतात. मालवाहू गाडीत माणसे नेणे कायद्याला मान्य नाही, तरी नेली जातात. फेब्रुवारी २०२४ मध्ये डिंडोरी जिल्ह्यात समारंभाहून परतणारी पिकअप उलटून १४ जण गेले. तिथे स्टिअरिंगचा दोष होता असे मी म्हणत नाही. पण एका पिकअपमध्ये किती घरांची माणसे असतात, हे त्या आकड्यावरून समजते. शेतकरी बंधूंनो, गाडी ठरवताना भाड्याआधी स्टिअरिंगचे विचारा.

तपासणीला पैसा लागत नाही. चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन सुरू करा. एकाने स्टिअरिंग हलकेच डावीउजवीकडे हलवावे, दुसऱ्याने बाजूला बसून बॉक्सला जोडलेल्या ड्रॉप आर्मकडे बघावे. स्टिअरिंग फिरते आणि आर्म जागचा हलत नाही, तर दोष बहुधा बॉक्सचा. आर्म लगेच हलतो पण चाक मागे राहते, तर टाय रॉडचे सांधे गेले आहेत; तेव्हा उगाच बॉक्सवर खर्च करू नका. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ९८ वा नियम ३० अंशांहून जास्त प्ले चालू देत नाही. स्टिअरिंगच्या कडेवर मोजले तर तो जवळपास अर्धी वीत भरतो. मला ही मर्यादा फार सैल वाटते. भरलेल्या गाडीला दोन बोटे प्ले आला की काम काढा.

बॉक्स बदलायचाच तर भंगारातला नको, आणि मिस्त्रीजवळ उभे राहा. ड्रॉप आर्म काढण्याआधी त्याच्या जागेची खूण करून घ्यावी. तो पुलरनेच काढावा. हातोड्याचे घाव आतल्या बेअरिंगला बसतात. आर्मला वेल्डिंग कधीही नाही. बॉक्स जिथे बसतो तिथे चॅसीला तडा गेला आहे का, तेही याच वेळी दिसते. टाकी आणि नळ्यांतले काळे तेल पूर्ण काढा, त्यातला लोखंडाचा चुरा नवा बॉक्सही खातो. गाडीच्या कंपनीने सांगितलेलेच तेल भरा; ब्रेक ऑइल ओतले तर सील फुगून वाया जातात. मग पुढची चाके उचलून, घोडीवर पक्की टेकवून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि टाकीत बुडबुडे थांबेपर्यंत तेल भरत राहा. हवा राहिली तर पंप पुन्हा कण्हेल.

पहिल्या दिवशी माल घेऊ नका. बेटम्यापर्यंत रिकामी गाडी नेऊन आणा, परत आल्यावर सगळे बोल्ट पुन्हा आवळून बघा आणि कॉटर पिना जागेवर आहेत ना, ते स्वतःच्या हाताने चाचपा.