खेळाचा तास अभ्यासातच धरावा

स्नायूंचे प्रकार तीन, हे आपला विद्यार्थी झोपेतही सांगेल. हाडांना जोडलेले ऐच्छिक स्नायू आपल्या इच्छेने हालतात. जठर, आतडी व रक्तवाहिन्यांच्या भित्तिकांतील अनैच्छिक स्नायू आपल्या नकळत काम करतात. आणि हृदयाचा स्नायू दिवसाकाठी सुमारे १ लाख वेळा आकुंचन पावतो. मात्र परीक्षा जवळ आली की याच विद्यार्थ्याचा खेळाचा तास काढून घेतला जातो, आणि पालकही त्यात समाधान मानतात. हे मला अनुचित वाटते.

शरीरातील ६०० हून अधिक ऐच्छिक स्नायू वापराने बळकट होतात, वापराविना क्षीण होतात. तीन तास ताठ बसून उत्तरपत्रिका लिहिणे हेदेखील त्यांचेच काम. हृदयाला आज्ञा करता येत नाही. त्याला व्यायाम घडवायचा तर हातापायांनाच राबवावे लागते. जागतिक आरोग्य संघटनेने ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांसाठी दररोज सरासरी किमान ६० मिनिटांची मध्यम ते जोमदार हालचाल आवश्यक मानली आहे.

निवासी शाळेत मुलांचा सारा दिवस आपल्या हाती असतो, म्हणून ही जबाबदारीही आपलीच. मुलींचा खेळाचा तास तर कटाक्षाने जपावा. सुटीत घरी त्यांच्या वाट्याला काम येते, खेळ क्वचितच. पालकांनी गुणांबरोबर मैदानाचीही चौकशी करावी. आणि माजी विद्यार्थ्यांनो, शाळेला देणगी द्याल तेव्हा नावाच्या फलकाआधी मैदानाचा विचार करावा, ही नम्र विनंती.