मंडपात कोणास बोलवावयाचे?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याने मागे एकदा दूरध्वनीवर सांगितले, "काका, आजच पक्षाचा अध्यक्षीय उमेदवार ठरविण्यासाठी मत देऊन आलो." ते ऐकून आमच्या वहिनींनी विचारले, "अजून उमेदवारच ठरला नाही, तर मत कोणास दिले?" प्रश्न मार्मिक होता.

दमयंतीच्या स्वयंवरात माळ घालण्याचा अधिकार तिचा. परंतु राजांस आमंत्रणे धाडली ती तिचा पिता भीमराजा याने. आपल्या निवडणुकांचेही तसेच आहे. माळ मतदाराच्या हाती, आमंत्रणे पक्षश्रेष्ठींच्या हाती. अमेरिकेत आमंत्रणाचा हा अधिकारही बव्हंशी मतदारांकडे आला आहे. राज्याराज्यांत प्राथमिक निवडणूक होते, तीवरून प्रतिनिधी ठरतात, आणि ते महाअधिवेशनात उमेदवार निश्चित करतात. तेथेही ही रीत पूर्वीपासून इतकी दृढ नव्हती. १९६८ साली ह्यूबर्ट हम्फ्री एकही प्राथमिक निवडणूक न लढविता डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार झाले. शिकागोच्या अधिवेशनात क्षोभ उसळला, आणि पुढे नियम पालटले.

आपल्याकडे राष्ट्रपतीस खासदार व आमदार निवडतात. उमेदवार मात्र त्याहूनही थोडे लोक ठरवितात. जुलै १९६९ मध्ये बंगळूर येथे काँग्रेसच्या संसदीय मंडळातील मूठभर सभासदांनी ते काम केले. यशवंतराव चव्हाण व स. का. पाटील यांनी नीलम संजीव रेड्डी यांच्या बाजूने मत दिले. पंतप्रधान इंदिरा गांधी अल्पमतात राहिल्या. मग त्यांनी सदसद्विवेकबुद्धीस स्मरून मत देण्याचे आवाहन केले, व्ही. व्ही. गिरी निवडून आले, आणि वर्ष सरण्यापूर्वी पक्ष दुभंगला. २००२ साली आमच्या सोलापूरचे सुशीलकुमार शिंदे उपराष्ट्रपतिपदास उभे राहिले, तेव्हा आम्हां सोलापूरकरांसही ती वार्ता वर्तमानपत्रातूनच कळली.

प्राथमिक निवडणूक निर्दोष आहे असे नव्हे. तीत द्रव्य अपार लागते, मतदानास थोडेच येतात, आणि आवेशाने बोलणाऱ्याचे फावते. तथापि विचारण्याची रीत तरी तीत आहे.

कन्येच्या विवाहाच्या वेळी मी तिच्यापुढे तीन स्थळे ठेवली आणि "निवड तुझीच" असे म्हणून उदारपणाचे समाधान मानले. ती सुखात आहे. परंतु त्या रात्री वहिनींचा प्रश्न मनात घोळत असता वाटले, चौथे नाव तिच्या मनात होते काय, हे मी कधी विचारलेच नाही.